छापखान्यातून विद्युत्‌मंडल : मुद्रणाच्या इतिहासाची एक दुर्लक्षित शाखा

मुद्रणाचा इतिहास सांगण्याची आपली एक ठरलेली रीत आहे. गुटेनबर्गच्या बायबलपासून आरंभ करायचा, १८०५ मध्ये सेरामपूर येथे छापलेल्या कॅरीच्या मराठी व्याकरणापाशी थांबायचे, तेथून मुंबईला यायचे आणि पुढे मासिके, कादंबऱ्या, ग्रंथमाला असा प्रवास करीत आपल्या काळापर्यंत पोहोचायचे. या साखळीतील जवळजवळ प्रत्येक कडी ग्रंथाची आहे. साहित्याच्या अभ्यासकांना ती तशी दिसावी, यात नवल नाही. परंतु ज्यांचा छापखान्याशी प्रत्यक्ष संबंध आला आहे त्यांना हेही ठाऊक असते, की छापखाना ग्रंथांवर चालत नाही. तो चालतो जॉबवर्कवर. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके, औषधाच्या बाटलीवरची लेबले यांच्या कमाईतून कामगारांचे पगार निघतात आणि उरलेल्या वेळात एखादा कवितासंग्रह छापून होतो. खुद्द गुटेनबर्गच्या माइन्झमधील सर्वांत जुना दिनांकित छापील मजकूर १४५४ सालचा आहे, आणि तो आहे पापमोचनपत्राचा नमुना : पैसे भरणाऱ्याचे नाव लिहिण्यासाठी जागा कोरी सोडलेला. म्हणजे एका अर्थी पावतीपुस्तकच. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये शिळाप्रेसवर काढलेले पंचांग आपण आद्य मराठी मुद्रणाचे भूषण मानतो. पण पंचांग ही वस्तू पुढच्या पाडव्याला निरुपयोगी व्हावी, म्हणूनच तर दरवर्षी छापली जाते.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की गेल्या शतकात मुद्रणाला एक अशी शाखा फुटली, जिच्यातील छापील मजकूर वाचण्यासाठी नसतोच. त्यातून वीज वाहते. ही शाखा आता आपल्या घरात, खिशात आणि मोटारीच्या काचेवर येऊन बसली आहे, तरी मुद्रणाच्या इतिहासात तिला एखादे प्रकरण तर सोडाच, तळटीपही मिळत नाही. ती तंत्रज्ञांच्या इतिहासात जमा केली जाते. आमच्या मते ती मुद्रणाच्याच इतिहासात असायला हवी, आणि तीही ग्रंथाच्या नव्हे, जॉबवर्कच्या बाजूला.

या कथेचा आरंभ एका वृत्तपत्रीय छापखान्यातून होतो. पॉल आयस्लर हा १९०७ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला ज्यू अभियंता. १९३० मध्ये पदवी हाती आली, पण त्या काळच्या व्हिएन्नात ज्यू तरुणाला नोकरी मिळणे दुरापास्त होते. समाजवादी पक्षाच्या ‘फोरवेर्ट्स’ या मुद्रण-प्रकाशन संस्थेत त्याला रेडिओविषयक लेखनाचे काम मिळाले, आणि तेथे त्याने छपाईची सारी अंगे जवळून पाहिली. १९३४ मध्ये समाजवाद्यांचा पाडाव झाला, तशी ती वाटही बंद झाली. १९३६ मध्ये तो लंडनला आला आणि हॅम्पस्टेडमधील एका खाणावळवजा निवासात राहू लागला. तेथे त्याने एक रेडिओसंच तयार केला. त्यात एकमेकांत गुंतलेल्या तारांचे जंजाळ नव्हते. तारांच्या जागी एका सपाट तक्त्यावर छापखान्याच्या पद्धतीने उमटवलेल्या तांब्याच्या रेघा होत्या.

ही पद्धत समजून घेण्यासाठी विज्ञानाच्या पदवीची गरज नाही; जुन्या पिढीतील ब्लॉकमेकर आठवला तरी पुरे. चित्राचा ब्लॉक करताना जस्ताच्या पत्र्यावर हवा तेवढा भाग आम्लरोधक थराने झाकतात आणि पत्रा आम्लात बुडवतात. उघडा भाग खाल्ला जातो, झाकलेला भाग उंच राहतो, आणि त्या उंचवट्यावर शाई लावून छाप घेतात. आयस्लरने हेच केले. विद्युत्‌रोधक तक्त्यावर तांब्याचा पातळ पत्रा चिकटवायचा, त्यावर आम्लरोधक शाईने मंडलाचा आराखडा छापायचा आणि उघडे तांबे विरघळवून टाकायचे. फरक एवढाच, की ब्लॉकमेकरच्या दृष्टीने उरलेला धातू हे साधन असते आणि कागदावरचा छाप हे फळ; आयस्लरच्या दृष्टीने उरलेला धातू हेच फळ. ब्लॉक तयार झाला, की काम संपले. पुढे छापायचे काहीच नाही.

हा संच घेऊन तो एका रेडिओ कंपनीकडे गेला. ‘माय लाइफ विथ द प्रिंटेड सर्किट’ (१९८९) हे त्याचे आत्मवृत्त प्रसिद्ध आहे. त्या भेटीची त्याने पुढे सांगितलेली हकीकत या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे, असे आम्हांला वाटते. कंपनीने त्याची पद्धत नाकारली; कारण तारा जोडण्याचे काम ज्या मुली करीत होत्या त्या स्वस्तात मिळत आणि कोणत्याही कामाला सहज वळवता येत. ‘लवचीक’ हे विशेषण आज त्याच क्षेत्रात प्लॅस्टिकच्या पातळ पडद्यांना लावले जाते. १९३६ च्या सुमारास ते मजूर मुलींना लावले जात होते, हे विसरू नये. मुद्रणाने हाताचे काम हलके होते, हा आपला जुना समज आहे. पण यंत्र केव्हा येते? हात महाग झाल्यावर. लेखनिक महाग होते म्हणून गुटेनबर्गला गिऱ्हाईक मिळाले. मुली स्वस्त होत्या म्हणून आयस्लरला मिळाले नाही.

१९४० मध्ये शत्रुराष्ट्रातून आलेला म्हणून आयस्लरला नजरकैदेत टाकण्यात आले. १९४१ मध्ये सुटल्यावर त्याला आश्रय दिला तो कोणा विद्युत् कंपनीने नव्हे, तर लंडनच्या ‘हेंडरसन अँड स्पॉल्डिंग’ या शिलामुद्रण करणाऱ्या छापखान्याने. हा छापखाना संगीताच्या स्वरलेखनाची पत्रके छापीत असे. हा तपशील आम्हांला फार मोलाचा वाटतो. स्वरलेखनाचे पत्रक वाचून संपत नाही; ते वाजवल्यावर पुरे होते. जो मजकूर काही घडवून आणण्यासाठीच छापला जातो, अशा मजकुराची सवय असलेल्या मुद्रकाला आयस्लरचे म्हणणे लवकर पटले असेल काय? हा आमचा तर्क, पुरावा नव्हे. त्या छापखान्याने ‘टेक्नोग्राफ’ नावाची उपकंपनी काढली आणि आयस्लरने करारपत्रावर न वाचताच सही केली. शोधाचे हक्क नाममात्र मोबदल्यात कंपनीकडे गेले. छापखान्यात वाढलेल्या माणसाने छापील कागद न वाचता सही करावी, ही गोष्ट एखाद्या कथाकाराने रचली असती तर आपण ती कृत्रिम ठरवली असती. १९४३ मध्ये एकस्वासाठी अर्ज झाले. पुढे अमेरिकेतील न्यायालयात मात्र ती एकस्वे टिकली नाहीत. आयस्लर १९९२ मध्ये लंडनमध्ये वारला. तोवर जगातील जवळजवळ प्रत्येक विद्युत् उपकरणात मुद्रित मंडल होते.

रेडिओ कंपनीला जे पटले नाही ते युद्धाला पटले. शत्रूच्या विमानाजवळ किंवा जमिनीजवळ येताच आपोआप फुटणारे तोफगोळे दुसऱ्या महायुद्धात तयार झाले. त्यांच्या टोकात एक चिमुकला रेडिओसंच बसवावा लागे, आणि तोफेतून सुटतानाचा प्रचंड धक्का त्याला सोसावा लागे. उखळी तोफेच्या लहान गोळ्यासाठी अमेरिकेत चिनीमातीच्या पट्टीवर चांदीची शाई स्क्रीन प्रिंटिंगने छापून मंडले करण्यात आली. आयस्लरच्या पद्धतीत शाई तांब्याचे रक्षण करून नाहीशी होते. येथे शाई स्वतःच तार झाली. युद्ध संपल्यावर, १९४७ मध्ये, अमेरिकेच्या नॅशनल ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्सने या विषयावर एक पुस्तिका काढली. तिच्यात मंडल उमटवण्याच्या सहा प्रकारांची नोंद आहे : रंगवणे, फवारणे, रासायनिक लेपन, निर्वातातील लेपन, ठशाने कापणे आणि भुकटी शिंपडणे. कारागिरीच्या हाटात फेरफटका मारावा, तशी ही यादी वाचताना वाटते.

आणखी एक शब्द या गोळ्यांच्याच घरातून आला. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात वॉशिंग्टनच्या एका लष्करी प्रयोगशाळेत जे लेथ्रॉप आणि जेम्स नॉल हे दोघे लहानात लहान ट्रान्झिस्टर कसा करता येईल, याच्या खटपटीत होते. प्रकाशाने कठीण होणारा लेप लावून, त्यावर आकृतीची छाया पाडून, उरलेला भाग खोदून काढण्याची पद्धत त्यांनी अर्धसंवाहकाला लावली आणि तिला ‘फोटोलिथोग्राफी’ हे नाव दिले. काटेकोर पाहिले तर ही कोरणी होय. शिलामुद्रणात तेल आणि पाणी यांचे जे वैर वापरतात त्याचा येथे काही संबंध नाही. पण नाव रुळले. आजची प्रत्येक चिप, मग ती फोनमधील असो वा उपग्रहातील, नावापुरती का होईना, गणपत कृष्णाजींच्या शिळाप्रेसच्या गोत्रातली आहे.

येथवर जे छापले गेले ते कडक तक्त्यावर. वाकणाऱ्या पडद्यावर छापायची कल्पना कोणा एकाची नाही, आणि तिचे पहिले यश फार साधे होते. आमच्या संगणकाचा एक जुना कीबोर्ड मध्यंतरी आम्ही उघडून पाहिला. आत पॉलिएस्टरचे तीन पातळ पडदे निघाले. वरच्या आणि खालच्या पडद्यावर करड्या रेघा, मधल्याला भोके. कळ दाबली, की वरची रेघ भोकातून खालच्या रेघेला टेकते. त्या करड्या रेघा म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगने छापलेली चांदीची शाई. गेली कित्येक वर्षे आम्ही मुद्रणाविषयी जे काही लिहिले ते या न वाचलेल्या छपाईवर बोटे आपटूनच लिहिले, याची तोवर आम्हांला गंधवार्ताही नव्हती.

दुसरे यश याहून मोठे आणि याहून दुर्लक्षित. मधुमेह नसलेले मराठी घर आता शोधावे लागेल, आणि जेथे मधुमेह आहे तेथे बहुधा ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबीही आहे. ही पट्टी हे एक मुद्रित विद्युत् उपकरण आहे. प्लॅस्टिकच्या पट्टीवर कार्बनच्या शाईने विद्युत्‌अग्रे छापलेली असतात. त्यांवर साखरेशी अभिक्रिया करणाऱ्या एन्झाइमचा थर असतो. रक्ताचा थेंब टेकताच साखरेच्या प्रमाणात इलेक्ट्रॉन सुटतात, मध्यस्थ रसायन ते कार्बनपर्यंत पोहोचवते आणि यंत्र तो क्षीण प्रवाह मोजते. क्रॅनफिल्ड आणि ऑक्सफर्ड येथील संशोधकांच्या कामातून हे तंत्र उभे राहिले आणि १९८७ मध्ये ‘एक्झॅकटेक’ नावाने पेनाच्या आकाराचे पहिले यंत्र बाजारात आले. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिकेवर सोनेरी गणपती ज्या तऱ्हेने उमटवतात, त्याच तऱ्हेने, म्हणजे ताणून बसवलेल्या जाळीतून रबरी पट्टीने शाई ओढून, अशा पट्ट्यांवरची अग्रे छापता येतात. शाईत जिवंत पेशीतून काढलेले रसायन मिसळून छापणे ही गोष्ट ग्रंथमुद्रणाच्या साऱ्या इतिहासाहून अपूर्व. पण तिच्यावर आपल्याकडे कोणी दोन ओळी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

तिसऱ्या प्रयत्नाची कीर्ती फार झाली, आणि तो आपल्या मनाला सर्वांत जवळचाही आहे. कारण तो ग्रंथाचा प्रयत्न होता. त्याची पूर्वपीठिका अशी : १९७७ मध्ये शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवून दिले, की प्लॅस्टिकच्या कुळातील पदार्थही वीज वाहून नेऊ शकतो. २००० मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. वीजवाहक प्लॅस्टिक विरघळवून शाई करता आली तर तारच काय, ट्रान्झिस्टरही छापता येईल, हे उघड होते. आणि त्याच वर्षी केंब्रिजच्या हेनिंग सिरिंगहाउस, रिचर्ड फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी इंकजेटने असे ट्रान्झिस्टर छापूनही दाखवले.

इकडे अमेरिकेत एमआयटीमध्ये जोसेफ जेकबसन आणि त्याचे विद्यार्थी विजेने काळी-पांढरी होणारी शाई घडवीत होते. केसाच्या जाडीइतक्या कुप्यांत विद्युत्‌भारित कण भरायचे. भार बदलला, की पांढरे कण वर येतात किंवा खाली जातात. १९९७ मध्ये या मंडळींनी एक निबंध प्रसिद्ध केला, त्याचे शीर्षकच ‘द लास्ट बुक’, म्हणजे शेवटचे पुस्तक. त्यांना पाटी नको होती. पुठ्ठा, पाठ आणि शेकडो पाने असलेला खराखुरा ग्रंथ हवा होता. प्रत्येक पान कागदासारखे, छापलेले, पण मजकूर बदलता येणारे. आज ज्ञानेश्वरी, उद्या शेक्सपिअर, आणि बोटाला पानांची तीच जाडी. १९९८ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकात ‘सर्वस्वी छापलेले’ हे शब्द होते. ई-इंक ही कंपनी त्याआधीच, १९९७ मध्ये, स्थापन झाली होती.

हे पुस्तक निघाले नाही. का निघाले नाही, हे साहित्याच्या अभ्यासकांनी जाणून घेण्यासारखे आहे. रंगीत भित्तिपत्रकात लाल आणि निळा रंग एकमेकांवर नेमके बसले नाहीत, तर छपाईवाले ‘रजिस्टर हलले’ म्हणतात. नटीचे ओठ किंचित सरकलेले दिसतात आणि आपण ते पाहूनही पुढे जातो. ट्रान्झिस्टरमध्ये थरावर थर छापताना काही मायक्रॉनांचा फरक पडला, तर ट्रान्झिस्टरच उरत नाही. शाईचा थेंब वाळतो तो चहाच्या डागासारखा, कडेला दाट आणि मध्ये विरळ. हे का घडते, याचा खुलासा शास्त्रज्ञांना १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहून करावा लागला. अक्षराला अशा कडेने काही बिघडत नाही, मंडलाला बिघडते. पाच शतकांचे मुद्रणकौशल्य वाचकाच्या क्षमाशीलतेवर उभे आहे. काना गळला, तरी आपण शब्द सुधारून वाचतो. मुद्रितशोधकाच्या डुलकीवर वाचकाची नजर पांघरूण घालते. वीज वाचक नाही. ती गळलेला काना भरून काढीत नाही.

परिणामी बाजारात आले ते एकाच पानाचे पुस्तक : २००४ मध्ये जपानात सोनीचे ‘लिब्रिए’ आणि नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनचे ‘किंडल’. शाई जेकबसनची, पण तिला हुकूम देणारी ट्रान्झिस्टरांची जाळी नेहमीच्या पद्धतीने काचेवर केलेली. केंब्रिजच्या मंडळींनी काढलेल्या ‘प्लॅस्टिक लॉजिक’ कंपनीने प्लॅस्टिकच्या जाळीचा ध्यास सोडला नाही. २००८ मध्ये ड्रेस्डेनला कारखाना उघडला, जानेवारी २०१० मध्ये ‘क्यू’ हे पातळ, न फुटणारे वाचनयंत्र समारंभपूर्वक दाखवले. एप्रिलमध्ये आयपॅड बाजारात आला आणि ऑगस्टमध्ये ‘क्यू’ रद्द झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमाराची आणखी एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. अमेरिकेच्या ‘एस्क्वायर’ मासिकाने ऑक्टोबर २००८ च्या पंचाहत्तरीच्या अंकाच्या एक लाख प्रतींच्या मुखपृष्ठावर ई-इंकचा लुकलुकणारा तुकडा बसवला. एकविसावे शतक आता सुरू होते, अशी त्यावर घोषणा होती. ते तुकडे अंकांत मेक्सिकोमध्ये हातांनी बसवले गेले होते. हॅम्पस्टेडच्या त्या रेडिओवाल्याला हे वाचून समाधान वाटले असते.

ग्रंथाचा मार्ग असा अडला असताना जॉबवर्क मात्र निमूटपणे वाढत होते. छपरावर बसवलेल्या सौर तावदानांवरच्या बारीक पांढुरक्या रेघा सामान्यतः चांदीच्या लेपाने, स्क्रीन प्रिंटिंगनेच छापलेल्या असतात. फेब्रुवारी २०२१ पासून आपल्याकडे टोलनाक्यावर अनिवार्य झालेला फास्टॅग घ्या. त्यातील चिप सिलिकॉनची आहे. पण तिला नाक्याशी बोलू देणारी अँटेना ही प्लॅस्टिकवरची धातूची नक्षी आहे. अशा टॅगांच्या अँटेना साधारणपणे गुंडाळीवर संरक्षक शाई छापून आणि उघडा धातू विरघळवून करतात. आयस्लरचा ब्लॉकच तो, फक्त तक्त्याऐवजी वाकणाऱ्या पडद्यावर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर काचेला चिकटवलेल्या त्या कागदी चौकोनावर जे छापलेले आपण वाचतो ते निव्वळ वेष्टन. खरा मजकूर त्याच्या पोटात आहे आणि तो नाक्यावरचे यंत्र वाचते.

चिपही सिलिकॉनची नको, असा प्रयत्न अलीकडे फळाला आला आहे. जुलै २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये ‘प्लॅस्टिकआर्म’ नावाच्या ३२ बिटांच्या, वाकणाऱ्या प्रक्रियकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात १८,००० हून अधिक तार्किक द्वारांइतके मंडल प्लॅस्टिकच्या पडद्यावर बसवले आहे. ते इंकजेटने छापलेले नाही. त्या नावाने-शिळाप्रेसच्याच कोरणीने केलेले आहे. त्यातील कायम स्मृती ४५६ बाइटांची. संगणकाच्या प्रचलित यूटीएफ-८ संकेतनात एका देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. म्हणजे या स्मृतीत १५२ चिन्हे मावतील, या लेखातल्या दोन-तीन ओळी. शिवाय त्यातील आज्ञावली निर्मितीच्या वेळीच पक्की होते, मागाहून बदलता येत नाही. जेकबसनच्या ग्रंथातील मजकूर सतत बदलणार होता. या नव्या वस्तूतला मजकूर एकदा उमटला, की उमटला. या अर्थाने ती अधिक ‘छापील’ आहे. तिची कल्पना आहे ती दुधाच्या पिशवीवर, औषधाच्या वेष्टनावर, जखमेच्या पट्टीवर बसवण्याची : वस्तू संपली, की तीही संपली.

जुन्या हस्तपत्रकांचे संग्राहक असतात. हरवलेल्या नाटक मंडळींचा इतिहास आपण जाहिरातींच्या चिठोऱ्यांवरून उभा करतो. ते शक्य होते, कारण कागद कुजतो तरी वा वाचता येतो तरी. चांदी, कार्बन आणि पॉलिएस्टर यांचा हा चिठोरा लवकर कुजत नाही आणि वाचताही येत नाही. आमच्या घरातील पट्ट्यांची रिकामी डबी समोर आहे. तिच्यावर बारीक वर्तुळात दोनचा आकडा आहे आणि त्यावर तिरपी रेघ मारलेली आहे : दुसऱ्यांदा वापरू नये.